कंडक्टरची जागा

रोज संध्याकाळी पाचला लाँड्रीची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची. दोनदा हॉर्न वाजायचा आणि त्याच्या पाठोपाठ, सही केल्यासारखं, एकदा भुंकणं. तेवढं ऐकू आलं की भिंग बाळाला उचलून, एका पायात चप्पल एका पायात नाही अशी, दारात धावायची.

भिंग हे काही तिचं खरं नाव नव्हे. पाचवीत असताना तिला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडाएवढा जाड चष्मा लागला आणि बाकावर शेजारी बसणाऱ्या लंबूने पहिल्याच तासाला ते नाव तिला चिकटवून टाकलं. लंबूला लंबू म्हणायला मात्र कुणाला डोकं चालवावं लागलं नव्हतं. वर्गात उभी राहिली की फळा झाकायची. पुढे भिंग चष्म्याच्याच दुकानात कामाला लागली आणि लंबू लाँड्रीची व्हॅन चालवायला लागली. धुतलेल्या चादरींचे गठ्ठे हॉटेलांत आणि दवाखान्यांत पोचवायचे आणि मळलेल्या घेऊन यायच्या. अकरा वर्षं हेच.

भिंगची मुलगी नऊ महिन्यांची. तिचं नाव छानसं ठेवलं होतं, पण घरात तिला सगळे भोंगाच म्हणायचे. दुपारी चारला, आई दुकानातून आली रे आली, की सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. सासूबाईंनी अंगाई म्हणून पाहिली, नवऱ्याने खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या, सगळ्यांनी हात टेकले. मग एकदा लंबूने सहज तिला व्हॅनमध्ये ठेवलं आणि इंजिन सुरू केलं. भोंगा गप्प. तेव्हापासून ठरूनच गेलं. पाच वाजता लंबू यायची, बाळाची खुर्ची पट्ट्याने आवळून बसवायची, अर्धा तास गावातून चक्कर मारायची, आणि तेवढ्यात भिंग झोपून घ्यायची. दिवसभरातली तिची खरी झोप तेवढीच.

त्या सोमवारीही लंबू पाचच्या ठोक्याला आली. हॉर्न दोनदा वाजला. भिंगने अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बाळ तिच्या हातात दिलं, "दूध झालंय तिचं" एवढं पुटपुटली आणि परत जाऊन आडवी झाली.

साडेपाचला लंबू झोपलेलं बाळ घेऊन दारात उभी होती. बाळ भिंगच्या खांद्यावर ठेवून, दुपट्याचं टोक नीट खोचून ती म्हणाली, "चौकातच झोपली. उठवू नकोस. आणि अगं, कंडक्टर गेला सकाळी."

एवढं बोलून ती जिना उतरलीसुद्धा.

भिंग तशीच उभी राहिली. आज भुंकणं ऐकू आलं नव्हतं. आलं नव्हतं आणि तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. ज्या बाईचा अकरा वर्षांचा सोबती सकाळी गेला, ती संध्याकाळी पाचला दुसऱ्याचं बाळ झोपवायला आली, आणि आपण? आपण "दूध झालंय तिचं" म्हणालो.

कंडक्टर म्हणजे तपकिरी रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला कुत्रा. लाँड्रीच्या व्हॅनखाली पिल्लू म्हणून सापडला होता. लंबू तेव्हा नवखी, गाडी मागे घेताना कुठे ना कुठे ठोकायचीच. एकदा ती अशीच मागे येत असताना हा चाकाजवळ बसून भुंकला. तिने ब्रेक दाबला, उतरून पाहिलं, तर भिंत वीतभर लांब. त्या दिवसापासून त्याला नोकरी लागली. गाडी मागे घ्यायची वेळ आली की तो खाली उडी मारायचा, डाव्या बाजूला मागच्या चाकापासून चार पावलांवर बसायचा, गाडी जवळ आली की सरकायचा, पुन्हा बसायचा. आणि वीतभर जागा उरली की एकदाच भुंकायचा. एस.टी.तल्या कंडक्टरने घंटी मारावी तसा. त्यानंतरच्या अकरा वर्षांत लंबूने व्हॅनला एक ओरखडा येऊ दिला नव्हता. लाँड्रीवाल्या काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या, "माझ्याकडे एका पगारात दोघं कामाला आहेत."

पण लंबूला व्हॅन नको होती. तिला बस हवी होती. शहराची, मोठी, दोन दारांची. लहानपणापासून ती बसच्या पहिल्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या हातांकडे बघत आलेली. भरतीसाठी रस्त्यावरची परीक्षा असायची आणि मग मैदानावरची: खांबांच्या दोन रांगांतून बस मागे घ्यायची आणि पिवळ्या रेघेवर थांबवायची. रस्त्यावर तिला दोन्ही वेळा पैकीच्या पैकी मिळाले होते. मैदानावर दोन्ही वेळा खांब पडले. परीक्षकांनी कागदावर लिहून दिलं होतं: "गाडी मागे घेता येत नाही." तिसरी खेप आता शनिवारी होती. ती हुकली की पुढची दोन वर्षं अर्जच करता येणार नव्हता, आणि दोन वर्षांनी तिचं वय बसणार नव्हतं.

मंगळवारी भिंग दुकानातून परस्पर लाँड्रीत गेली. सासूबाईंनी बाळाला तिथेच आणून दिलं होतं, रडून रडून लाल झालेलं. लाँड्रीच्या मागे चादरी वाळत घालायच्या दोऱ्या होत्या आणि त्यांच्याखाली एका जागी माती ताजी दिसत होती. काकूंनीच सांगितलं, "कोरी चादर काढून दिली मी. इस्त्री करून. म्हटलं, आयुष्यभर चादरींतच वावरला, मळकी कशी द्यायची?"

लंबू व्हॅनच्या पायरीवर बसली होती.

"शनिवारी किती वाजता जायचंय?" भिंगने विचारलं.

"मी नाही जात."

"का?"

"का काय का? तो असताना जमलं नाही, आता काय जमणार? परीक्षेला कुत्रा चालत नाही भिंगे, मी विचारून आलेय. पहिल्याच वेळी विचारलं होतं. तो माणूस इतका हसला की त्याला खोकला लागला."

"मग त्याच्याशिवाय शीक."

"चार दिवसांत?"

"मी उभी राहते मागे."

"तू?" लंबूने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुला चष्मा काढला तर व्हॅन दिसत नाही."

"काढते कशाला? बस गाडीत. मी भुंकते."

बाजूचं मैदान रिकामं होतं. भिंगने बाळ काकूंच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि मागच्या चाकापासून चार पावलांवर जाऊन उभी राहिली. सकाळपासून तिने गिऱ्हाइकांना "बसा ना सर, आरामात" म्हणत चष्मे घातले होते, आणि आता ती इथे कुत्र्याच्या जागी उभी होती. व्हॅन मागे यायला लागली. वीतभर उरल्यावर तिने तोंड उघडलं, पण लाजेने जो आवाज निघाला तो भुंकण्यापेक्षा उचकीच्या जवळचा होता.

व्हॅनने तिने खूण म्हणून ठेवलेली पाण्याची बादली आडवी केली.

"हे काय होतं?" लंबू खिडकीतून ओरडली. "मांजर चावलं का तुला?"

"पुन्हा ये!"

दुसऱ्या वेळी भिंगने पोटातून आवाज काढला. "भॉ!" असा की पलीकडच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. व्हॅन जागच्या जागी थांबली. आणि काकूंच्या कडेवरून एक पातळसा, खणखणीत आवाज आला: "भॉ!"

सगळे वळून बघायला लागले. भोंग्याने डोळे विस्फारून आईकडे पाहिलं आणि पुन्हा म्हटलं, "भॉ."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "आई म्हणायच्या आधी हे!"

लंबू हसायला लागली. स्टिअरिंगवर हात आपटून आपटून हसली, आणि हसता हसता तिने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि मग तिचे खांदे वेगळेच हलायला लागले. भिंग धावली. दार उघडून, पायरीवर चढून तिने तिचं डोकं जेमतेम आपल्या खांद्याशी धरलं. लंबू बसलेली असली तरी लांबच होती. काकूंनी तेवढ्या वेळात बादली सरळ केली, पाणी भरलं आणि जाग्यावर ठेवली.

बुधवारी पुन्हा सराव झाला. भिंग भुंकली की गाडी बरोबर थांबायची, ती गप्प राहिली की बादली पडायची. पाच वेळा पडली. लंबू कान टवकारून, नजर समोर लावून बसायची. गाडी मागे जातेय आणि ही पुढे बघतेय. "आरशात बघ ना," भिंग म्हणायची. "बघतेय," लंबू म्हणायची. बघत नव्हती.

गुरुवारी भिंगचा स्वतःचाच दिवस बिघडला. आदल्या आठवड्यात, रात्रभर बाळाचे दात आणि दिवसभर गिऱ्हाइकं, अशा तारेत तिने एका चष्म्याची डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली होती. चष्मा होता एका निवृत्त मास्तरांचा. मास्तरांना घराची पायरी तिरकी दिसली, ते घसरले आणि गुडघा फुटला. त्यांची मुलगी चष्मा घेऊन दुकानात आली आणि सगळ्यांदेखत जे बोलायचं ते बोलली. मालकांनी तिची माफी मागितली आणि ती गेल्यावर भिंगला म्हणाले, "बाळ सांभाळायचं असेल तर घरी बसा. लोकांचे डोळे कशाला वेठीला धरता?"

काचा सरळ करायला तिला सात मिनिटं लागली. पाच वाजता व्हॅन आली तेव्हा ती चष्म्याची डबी हातात घट्ट धरून गल्लीच्या तोंडाशीच उभी होती.

"मला झोपायचं नाही आज," ती म्हणाली. "मला मास्तरांकडे जायचंय. स्वतःच्या हाताने देते आणि पाया पडून येते."

"बस," लंबू म्हणाली.

मास्तरांचं घर एका बोळाच्या टोकाला होतं. दोन्ही बाजूंना भिंती, भिंतींना लागून फुलझाडांच्या कुंड्या, पुढे रस्ता संपलेला. लंबूने गाडी सरळ आत घातली. जाताना कसली आलीय भीती?

मास्तर व्हरांड्यात गुडघ्याला पट्टी बांधून बसले होते. भिंगने चष्मा घातला, नाकावर कुठे टेकतो ते पाहिलं, कानामागची दांडी किंचित वाकवली. मास्तरांनी पायरीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"पायरी सरळ झाली," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मुलांच्या चुकांवर लाल शाई ओढली मी. चूक दुरुस्त करून घरी आणून देणारी तू पहिली. जा, रडू नकोस. बाळ गाडीत आहे ना?"

रडू नकोस म्हटल्यावर ती थोडीच थांबणार होती! गाडीत बसेपर्यंत तिचा बांध फुटला.

"मला काहीच धड येत नाही," ती हुंदके देत म्हणाली. "घरी बाळ रडतं, दुकानात काचा उलट्या बसतात, तुझा कुत्रा जातो आणि मला कळत पण नाही..."

"झालं?" लंबूने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. "आता माझं ऐक. त्या मालकाला एकदा नऊ महिन्यांचं बाळ दे आणि सांग, याला दात येतायत, आता काचा बसव. अरे, पळून जाईल तो दुकान सोडून! तू रोज सकाळी सहाला उठतेस, डबे करतेस, त्या भोंग्याला न्हाऊ घालतेस, वर दिवसाला वीस माणसांना दिसायला लावतेस. काय येत नाही म्हणे! माझ्यामागे उभी राहून भुंकलीस तू. चार इमारतींना ऐकू जाईल असं. कुणाची मैत्रीण भुंकते गं? सांग ना, कुणाची? पूस नाक. बाळ बघतंय."

भिंगने नाक पुसलं. पुसता पुसता तिची नजर वर गेली आणि हात तिथेच थांबला.

डावी भिंत सरकत पुढे चालली होती. कुंड्या एकेक करून खिडकीजवळून जात होत्या, फुलांना धक्का न लावता. कुणीही भुंकत नव्हतं. आणि लंबू तोंडाने तिला झापत होती पण तिचे डोळे भिंगच्या नाकासमोरून पलीकडे, डाव्या आरशात होते. आरशाच्याही खालच्या भागात. बायफोकल घातलेला माणूस वाचताना नजर खाली सोडतो, तशी तिची नजर तिथे उतरली होती. भिंगने दिवसाला दहा माणसांच्या बुबुळांची जागा पेनाने काचेवर टिपली होती. कोण कुठून बघतंय हे तिला चुकणं शक्य नव्हतं.

ती अजिबात हलली नाही. बोळ संपला, गाडी रस्त्यावर आली, लंबूने ब्रेक लावला.

"लंबू, आत्ता तू काय केलंस?"

लंबूने समोर बघितलं. अख्खा बोळ तिच्यासमोर पडला होता, एकूण एक कुंडी उभी. तिचं तोंड उघडं राहिलं.

"तू आरशात बघत होतीस. डाव्या. खाली," भिंग म्हणाली. "काय आहे तिथे?"

लंबू हळू आवाजात म्हणाली, "त्याची जागा. तो दिसावा म्हणून आरसा तेवढा खाली वाकवून ठेवलाय मी. अकरा वर्षं."

"म्हणजे तू त्याच्या भुंकण्यावर गाडी घेतच नव्हतीस. तू त्याच्याकडे बघत होतीस. चाक, रेघ, भिंत, सगळं दिसतं तिथून. तो भुंकायचा तो नुसता होकार द्यायला."

"मग परवापासून..."

"परवापासून तू त्या आरशात बघतच नाहीयेस."

"बघवत नाही गं," लंबू म्हणाली. "रिकामी दिसते जागा."

भिंगने बाळाच्या तोंडातला पट्टा काढला. तिला मोठं काही सुचलं नाही. जे दिसत होतं तेच तिने सांगितलं. "रिकामी दिसतेय म्हणजे गाडीला जागा आहे, लंबू."

शुक्रवारी मैदानावर भिंग भुंकली नाही. ती कडेला बाळाला घेऊन बसली. लंबूने पहिल्या वेळी आरशात बघितलं आणि गाडी मध्येच थांबवली, दोन मिनिटं तशीच बसली. दुसऱ्या वेळी ती शेवटपर्यंत आली. सहाव्या वेळी काकू बादलीच उचलून घेऊन गेल्या. "तुम्हाला काही तिचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या, "मला कपडे भिजवायचेत."

शनिवारी भिंगने अर्ध्या दिवसाची सुटी मागितली. मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "कशासाठी?"

"माझ्या मैत्रिणीची बसची परीक्षा आहे," ती म्हणाली, आणि आपला आवाज एवढा ताठ कसा निघाला याचं तिलाच नवल वाटलं. मालकांनी सुटी दिली. वर, डबीत कापड ठेवता ठेवता, खाली बघूनच म्हणाले, "मास्तरांचा फोन होता. पुढचा चष्माही तुमच्याच हातचा हवाय त्यांना."

मैदानाच्या कठड्याशी वीसेक माणसं उभी होती. परीक्षा देणारे, त्यांचे भाऊ, बायका, कुणाचे वडील. बस एकच आणि ड्रायव्हर बदलत होते. तिघांनी खांब पाडले. मग लंबू चढली. एवढ्या मोठ्या बसमध्येही ती खुर्चीत बसली की लांबूनच ओळखू येत होती.

ती गाडी सुरू करेना. शेजारी बसलेले परीक्षक घड्याळ बघायला लागले. लंबूने खिडकीतून डोकं बाहेर काढून मदतनीस बाईंना हाक मारली आणि डाव्या आरशाकडे बोट दाखवलं. "ताई, तो आरसा खाली. अजून. अजून थोडा. बस्स."

"इतका खाली?" परीक्षकांचा आवाज कठड्यापर्यंत आला. "जमीनच दिसेल नुसती."

"हो साहेब," लंबू म्हणाली. "मला मागच्या चाकाजवळची चार पावलं जागा दिसायला हवी."

इंजिन घरघरलं. बस मागे यायला लागली, पहिले खांब गेले, दुसरे गेले. लंबूचा चेहरा डावीकडे वळलेला, शांत. पिवळी रेघ अजून तीन हात लांब होती.

आणि भिंगच्या कडेवर, मागे येणारी गाडी बघून, भोंग्याला आपलं काम आठवलं.

"भॉ!"

मैदानभर ऐकू गेलं. भिंगने तिच्या तोंडावर हात ठेवला पण उशीर झाला होता. अकरा वर्षं त्या आवाजाला लंबूचा पाय ब्रेकवर गेला होता. आता गेला तर बस तीन हात आधी थांबली, संपलं. बाळाने हाताच्या आडून पुन्हा, हौसेने, "भॉ!" केलं.

बस थांबली नाही. हळूहळू, घाई न करता, ती तीन हात मागे आली आणि मागचं चाक पिवळ्या रेघेवर टेकवून उभी राहिली. एकही खांब हलला नाही.

कठड्यावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ, कुणाचे तरी वडील असावेत, म्हणाले, "काय बाई आहे! कोण हो ही?"

"माझी मैत्रीण," भिंग म्हणाली. एवढ्याने तिचं समाधान होईना. "पाचवीपासूनची. माझ्याच बाकावर बसायची."

लंबू खाली उतरली. हातात कागद होता, तो तिने भिंगच्या चष्म्यासमोर धरला. भिंगने तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचता येईना कारण काचा ओल्या झाल्या होत्या.

"मध्येच भुंकलं कोण?" लंबूने विचारलं.

"ही. दोनदा. ऐकलंस तू?"

"ऐकलं तर. बहिरी आहे का मी?"

"मग थांबली नाहीस?"

लंबूने बाळाला आपल्या कडेवर घेतलं, त्याच्या पोटात नाक घुसळलं. "थांबते कशाला? रेघ दिसत होती मला," ती म्हणाली. "आणि हिला अजून अंदाज कुठे आलाय! तीन हात आधी भुंकतेय. शिकवावं लागेल."

तिने बाळाला उंच धरून बसची मागची बाजू दाखवली. चाक, रेघ आणि डावीकडची चार पावलं मोकळी जागा. मग तिघी फाटकाकडे निघाल्या. पाच वाजायला आले होते आणि भोंग्याचे डोळे मिटत होते, पण व्हॅन आज लाँड्रीतच होती. लंबूने घशातून इंजिनसारखी घरघर काढायला सुरुवात केली. लोक वळून बघायला लागले. भिंगने मान ताठ केली, नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि तीही घरघरायला लागली.